पडून राहिलेलं इंजिन

सात महिने इंजिन शेडच्या कोपऱ्यात होतं. वर ताडपत्री, खाली दोन फळ्या, शेजारी गुंडाळून ठेवलेला पाइप. ठेवताना जसं होतं तसंच दिसत होतं. मी ताडपत्री काढली, पेट्रोलचा कॉक उघडला, चोक लावला आणि दोरी ओढली. एकदा, दोनदा, दहादा. खांदा भरून आला, तळहाताला वळ उठले. दर ओढीला इंजिन फस्स करून फिरायचं आणि थांबायचं. पाण्याच्या पंपाला जोडलेलं १६३ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन. आदल्या हंगामात त्यानं कधी तिसरी ओढ मागितली नव्हती.

बाबा दारातून बघत होते. ते आत आले, टाकीचं झाकण काढलं आणि म्हणाले, "वास घे." पेट्रोलचा नेहमीचा झोंबणारा, पटकन उडून जाणारा वास नव्हता तो. जुन्या रंगाचा डबा बऱ्याच दिवसांनी उघडावा तसा जड, आंबूस वास होता. "इंजिन चालवून फारसं कोणी मारत नाही," बाबा म्हणाले. "ठेवून मारतात."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आज माझ्याकडे तो पंप आहे, एक छोटा जनरेटर आहे आणि एक गवत कापायचं यंत्र आहे. तिन्हींची देखभाल मी स्वतः करते, आणि जसजशी करत गेले तसतसं बाबांचं ते बोलणं मला जास्त पटत गेलं. देखभाल म्हटलं की डोळ्यांसमोर चालतं यंत्र येतं. घासणारे भाग, तापलेलं ऑइल, पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगा. पण छोट्या पेट्रोल इंजिनाचं बहुतेक आयुष्य बंद अवस्थेत जातं. वर्षाचे ८,७६० तास असतात, त्यांतले माझा पंप फार तर शंभर-सव्वाशे तास चालतो. उरलेल्या तासांत त्याच्या पोटात काय चाललेलं असतं, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडलाच नव्हता.

कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, बाबांनी मलाच उघडायला लावला. कॉक बंद केला, खाली डबा धरला आणि वाटीचा बोल्ट सैल केला. टाकीतलं पेट्रोल आधी या वाटीत येऊन थांबतं. वाटीत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. पातळी चढली की तो उचलला जातो आणि त्याला लावलेली सुई पेट्रोलची वाट बंद करते, पातळी उतरली की सुई सुटते. पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक हेच काम करतो. मधोमध, पेट्रोलात बुडालेला, एक पितळी जेट, म्हणजे बारीक आरपार भोकाचा तुकडा, असतो. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगानं जाते, तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीनं जेटमधून पेट्रोल वर चढून हवेत तुषारांसारखं मिसळतं. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी अशी रचना बसवली होती. माझ्या पंपावरचा कार्बोरेटर आजही त्याच तत्त्वावर चालतो, आणि मला तो उघडताना दर वेळी त्या माणसांबद्दल आदर वाटतो. न मोटर, न तार, नुसत्या हवेच्या ओढीवर एवढं अचूक काम.

वाटी हातात आली तेव्हा तिच्या तळाला मधाच्या रंगाचा थर बसला होता. नखानं खरवडला तर डिंकासारखा चिकटून आला. एका कडेला पांढरी भुकटी होती, तिथे पाणी साचून धातू खाल्ला गेला होता. बाबांनी बारीक स्क्रू ड्रायव्हरनं जेट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. शर्टाच्या बटणाहून लहान. "दारापाशी जा, उजेडाकडे धर." मी एक डोळा मिटून पाहिलं. आरपार भोक दिसायला हवं होतं तिथे काळोख होता.

मी पिन शोधायला लागले तर त्यांनी थांबवलं. पितळ मऊ असतं, पोलादी पिन घातली की भोक मोठं होतं, आणि मोठ्या भोकाचं इंजिन मग कायम जास्त पेट्रोल पितं, काळा धूर सोडतं. त्यांनी जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजत टाकला. अर्ध्या तासानं जुन्या वायरचं आवरण सोललं, आतल्या केसासारख्या तांब्याच्या तारांतली एक वेगळी केली आणि ती माझ्या हातात दिली. मी तार घातली. शिरेना. फिरवली, काढली, पुन्हा क्लीनरचा थेंब टाकला. चौथ्या-पाचव्या वेळी काहीतरी मऊसं सरकल्यासारखं बोटाला जाणवलं आणि तार पलीकडून बाहेर आली. परत दारापाशी गेले. जेटच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका होता. स्वच्छ, गोल. जेटच्या वर जी नळी बसते तिच्या अंगावरही अशीच बारीक भोकं असतात, ती एकेक करून मोकळी केली. वाटी पुसून लावली, टाकीत ताजं पेट्रोल घातलं आणि दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं. एक मिलिमीटरहून बारीक भोकासाठी माझा खांदा दोन दिवस दुखत होता.

पेट्रोल शिळं होतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते एकच द्रव नसून अनेक द्रवांचं मिश्रण असतं. त्यातले हलके भाग आधी उडून जातात, आणि थंड इंजिन लागायला नेमके तेच भाग लागतात. जे उरतं त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येऊन हळूहळू राळेसारखा चिकट पदार्थ तयार होतो. टाकीत भरपूर पेट्रोल असतं म्हणून तिथे हे सावकाश घडतं. वाटीत जेमतेम काही चमचे असतं, तिथे लवकर घडतं, आणि जेटच्या भोकात तर एक थेंबही नसतो. पेट्रोलात इथेनॉल मिसळलेलं असेल तर आणखी एक भानगड. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात, जड असल्यामुळे तळाशी बसतात, आणि वाटीचा तळ म्हणजे जेटची जागा. ती पांढरी भुकटी तिथूनच आलेली.

म्हणून महिनाभराहून जास्त काळ इंजिन लागणार नसेल तर मी पेट्रोल आत ठेवत नाही. टाकी उपसून घेते, मग कॉक बंद करून इंजिन चालू ठेवते. दोनेक मिनिटांनी आवाज चढ-उतार व्हायला लागतो, इंजिन गचके खातं आणि स्वतःच बंद पडतं. तरी जेटच्या तोंडाखाली थोडं पेट्रोल उरतंच, म्हणून वाटीच्या खालचा स्क्रू सोडून तेही काढते. पेट्रोल टिकवायचं रसायन मिळतं आणि ते कामाचं आहे, पण ते ताज्या पेट्रोलातच घालावं लागतं, आणि घातल्यावर इंजिन थोडं चालवावं लागतं म्हणजे ते जेटपर्यंत पोचतं. शिळ्याचं ताजं त्यानं होत नाही. मला विचाराल तर अशा साध्या फ्लोटच्या कार्बोरेटरला कोरडं ठेवणं सगळ्यांत बरं.

काहीजण दुसरा उपाय करतात. महिन्यातून एकदा इंजिन चालू करायचं, मिनिटभर चालवायचं, चालतंय याची खात्री करायची आणि बंद. मीही दोन वर्षं केलं. त्यामागची भावना चांगली असते, पण इंजिनाला त्यानं अपाय होतो, आणि तो का होतो हे समजल्यावर मी ते सोडलं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थोडी वाफ रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्येही उतरते, आणि ऑइल पुरेसं तापलं तर तिथूनही उडते. मिनिटभर चालवलेलं इंजिन तापतच नाही. पाणी तयार होतं आणि आतच राहतं, सायलेन्सरमध्ये, ऑइलमध्ये, सिलिंडरच्या भिंतीवर. चालवायचंच तर चांगलं वीस-पंचवीस मिनिटं, तेही कामाला जुंपून चालवावं. नाहीतर कोरडं करून स्वस्थ राहू द्यावं.

एक भाग मात्र पडून राहिल्यानं फारसा बिघडत नाही, आणि त्याबद्दल मला कायम नवल वाटतं. या इंजिनांना बॅटरी नसते. दोरी ओढली की फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, फिरतं, फ्लायव्हीलवर बसवलेलं चुंबक कॉइलसमोरून झपकन जातं आणि तेवढ्यावर प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली स्पार्क प्लगला पुरेल एवढ्या व्होल्टचा मॅग्नेटो (चुंबकावर ठिणगी पाडणारं यंत्र) तयार केला, त्याच घराण्यातली ही युक्ती. त्या सात महिन्यांत पेट्रोल शिळं झालं, वाटी खाल्ली गेली, पण प्लग काढून त्याची बाहेरची बाजू इंजिनाच्या धातूला टेकवून दोरी ओढली तेव्हा निळी, टणटणीत ठिणगी पडली. चुंबकाला काही देणंघेणं नव्हतं. (ही तपासणी करताना प्लगच्या उघड्या भोकापासून लांब राहावं आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते.) इंजिन बंद पडलं की बाबांचे दोनच प्रश्न असायचे, "करंट येतोय का? पेट्रोल येतंय का?" करंट पाहायला एक मिनिट लागतं, म्हणून आधी तोच पाहायचा.

बाबांच्या त्या बोलण्याला एक अपवाद आहे आणि तो माझ्या हातून घडला.

आत्ताच्या जनरेटरच्या आधी माझ्याकडे दुसरा एक होता. अशा बहुतेक छोट्या इंजिनांत ऑइलचा पंप नसतो, फिल्टरही नसतो. पिस्टनला क्रॅंकशी, म्हणजे फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक लहानशी जीभ असते, ती दर फेऱ्याला तळातल्या ऑइलमध्ये बुडते आणि ऑइल चहूकडे उडवते. त्या शिंतोड्यांवर सगळं इंजिन चालतं. पातळी बोटभर उतरली तर जीभ ऑइलला लागतच नाही. ऑइल मोजायच्या पट्टीला वर आटे असतात. पंपाच्या इंजिनाची पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. त्या जनरेटरची कशी पाहायची हे मी पुस्तकात वाचलं नाही. पट्टी पूर्ण फिरवून बसवली, काढली, खूण ओली दिसली, मी समाधानानं उठले. आटे फिरवल्यानं पट्टी जास्त खोल गेली होती आणि ऑइल होतं त्याहून जास्त दिसत होतं. त्यात जनरेटर उतारावर ठेवलेला. ऑइल कमी झालं की आपोआप बंद पडायची सोय त्यात नव्हती.

चाळीसेक मिनिटांनी आवाज बदलला. नेहमीच्या गुरगुरीखाली एक टकटक सुरू झाली, लाकडावर कोणी बोटाच्या पेरानं मारावं तशी. मी ती ऐकली. स्पष्ट ऐकली. काम दहा मिनिटांचं उरलं होतं म्हणून मी उठले नाही. मग आवाज एकदम जड झाला, फेरे उतरले आणि इंजिन थांबलं. दोरी ओढायला गेले तर दोरी हलेना. बाबांनी ऑइल काढून मापात ओतलं. सहाशे मिलिलिटर हवं होतं, जेमतेम साडेतीनशे भरलं, आणि ते काळं होतं, त्यात चंदेरी चुरा फिरत होता. रॉड क्रॅंकच्या पिनेला धरला होता. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी ते माप उजेडात धरून थोडा वेळ पाहिलं आणि फडक्यानं हात पुसले. मला ते माप अजून दिसतं.

तेव्हापासून ऑइल हा माझ्यासाठी रोजचा विषय झाला. चालू करण्याआधी दर वेळी पातळी पाहते, इंजिन सपाट जागेवर ठेवून आणि त्या त्या पुस्तकात सांगितलंय तशीच. जास्त भरणंही वाईट, फेस होतो आणि निळसर धूर यायला लागतो. आणि अनोळखी टकटक कानावर आली की आधी स्विच बंद, बाकी सगळं नंतर.

बदलायचं कधी, हे प्रत्येक पुस्तकात तासांत दिलेलं असतं. पंपाच्या इंजिनाला नवं असताना पहिल्या २० तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. काही कंपन्यांची इंजिनं पहिल्या ५ तासांनीच मागतात, नंतर दर ५० तासांनी. पहिली वेळ इतकी लवकर का, हे ऑइल पांढऱ्या कागदावर सांडलं की दिसतं. नव्या इंजिनातलं पहिलं ऑइल कागदावर चमचमतं. नवे भाग एकमेकांवर घासून बसतात तेव्हाचा तो चुरा असतो, आणि फिल्टर नसल्यामुळे त्याला बाहेर काढायचा मार्ग ऑइल बदलणं हाच. मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालणारं इंजिन तासाला १ लाख ८० हजार फेरे मारतं. ५० तासांत ९० लाख. एवढे फेरे चुरा घोळवत मारायचे की स्वच्छ ऑइलमध्ये, हे आपल्या हातात असतं.

इंजिन कोमट असताना ऑइल काढावं, म्हणजे मळ त्यात तरंगत असतो आणि सोबत निघून जातो. थंड इंजिनातून वरचं पातळ ऑइल येतं आणि गाळ तळाशीच राहतो. पण जी गोष्ट मला सगळ्यांत उशिरा समजली ती वेळेची. आम्ही ऑइल हंगामाच्या सुरुवातीला बदलायचो. नवं काम, नवं ऑइल. खरं तर ते हंगाम संपताना बदलायला हवं. वापरलेल्या ऑइलमध्ये ओल असते, जळण्यातून आलेली आम्लं असतात, आणि असं ऑइल बेअरिंगला, क्रॅंकला चिकटून महिनोन्‌महिने बसतं. चालत्या इंजिनात ते निदान फिरत तरी असतं. आता मी शेवटच्या दिवशी, इंजिन गरम असतानाच बदलते. काढलेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवते आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे देते. मातीत किंवा गटारात एक थेंबही जाऊ देत नाही. ते पाण्यापर्यंत पोचलं की परत आणता येत नाही.

हवेच्या फिल्टरबद्दल लोक इतके बेफिकीर का असतात मला कळत नाही. १६३ सीसीचं इंजिन थ्रॉटल पूर्ण उघडून ३,००० फेऱ्यांवर चालवलं तर हिशोबानं तासाला १४ हजार लिटरांहून जास्त हवा आत घेतं. आणि ही इंजिनं चालतात कुठे? धुळीत, भुशात, कापलेल्या गवतात. फिल्टर फाटका असेल तर ती धूळ ऑइलमध्ये मिसळून रिंगांवर पॉलिश पेपरसारखी फिरते. फोमचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा, पिळून नाही, दाबून पाणी काढावं, पूर्ण वाळू द्यावा, मग त्यावर थोडं ऑइल टाकून मुठीत दाबावं, सगळीकडे सारखं मुरेपर्यंत. जास्तीचं दाबून काढून टाकावं. कागदी फिल्टर धुवायचा नसतो. हळूच आपटून धूळ झाडावी, आणि त्यातून उजेड दिसेनासा झाला की बदलावा. फिल्टर तुंबला की इंजिनाला हवा कमी पडते, म्हणजे पेट्रोल जास्त होतं, म्हणजे प्लग काळा पडतो. लोक प्लग बदलतात आणि महिन्याभरात तोही काळा करतात.

प्लग वाचता यायला लागला की इंजिन बरंच काही सांगतं. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. काळा, ओला आणि तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, रिंगांकडे किंवा वॉल्व्हकडे, म्हणजे सिलिंडरच्या उघडझाप करणाऱ्या दारांकडे, पाहायला हवं. पांढराफटक म्हणजे इंजिन जास्त तापतंय, पेट्रोल कमी पडतंय. माझ्या पंपाला दोन टोकांतली फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते.

प्लग बसवणं हे मला सगळ्यांत काळजीचं काम वाटतं. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं, प्लग पोलादाचा. पाना लावून तिरका घुसवला की हेडचे आटे जातात, आणि आटे गेले की दहा मिनिटांचं काम हेड उतरवण्यावर येतं. म्हणून मी पाना बाजूला ठेवते. प्लग दोन बोटांत धरून आधी उलटा फिरवते, आट्याची सुरुवात जुळली की बोटाला एक बारीक टक्‌ जाणवते, तिथून सुलटा. आटे बरोबर असतील तर प्लग बोटांनीच तळापर्यंत जातो, अडत नाही. मग पाना. नवा प्लग असेल तर टेकल्यावर अर्धा फेरा, म्हणजे वॉशर दबून बसतो. जुनाच असेल तर पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. ताकद दाखवायची ही जागा नाही.

टॅपेट सेटिंग, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट जुळवणं, मी वर्षातून एकदा करते, इंजिन पूर्ण थंड असताना. माझ्या पंपाला इनलेटच्या (आत घेणाऱ्या) वॉल्व्हला ०.१५ आणि एक्झॉस्टच्या (धूर सोडणाऱ्या) वॉल्व्हला ०.२० मिलिमीटर. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, पट्टी फटीतून ओढताना हलकी पकड जाणवली पाहिजे, पुस्तकाची दोन पानं दाबून धरल्यासारखी. फट फार कमी झाली तर वॉल्व्ह पुरता बसत नाही आणि एक्झॉस्टचा वॉल्व्ह जळतो. एवढंच पुरे. हे पहिल्यांदा कोणाच्या तरी शेजारी बसून करावं.

या इंजिनांना पाण्याचं कूलिंग नसतं. फ्लायव्हीलचा पंखा सिलिंडरच्या पात्यांवर हवा फेकतो, आणि पात्यांमध्ये गवत-भुसा भरला की ती हवा फिरत नाही. एका वर्षी मी दोरीच्या बाजूचं कव्हर उघडलं तर आत उंदरानं घरटं केलं होतं. सुकं गवत, कापूस, कागदाचे बारीक तुकडे, सगळं पंख्याच्या आणि सिलिंडरच्या मधल्या जागेत नीट दाबून बसवलेलं. बाहेरून काही कळत नव्हतं. इंजिन दुसऱ्या ओढीला लागलंही असतं आणि अर्ध्या तासात तापून धरलं असतं. तेव्हापासून पडून राहिलेलं इंजिन चालू करण्याआधी ते कव्हर मी उघडतेच. चार बोल्टचं काम आहे.

आणि चालू करायचं ते बाहेर, उघड्यावर. शेडमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, नाही. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि माणसाला आपण गुंगतोय हे कळेपर्यंत उठायचं बळ गेलेलं असतं. जनरेटर खिडकीखाली किंवा जिन्याखाली ठेवलेला दिसला की मी अनोळखी घराचीही कडी वाजवते.

बाबा आता शेडमध्ये येतात ते खुर्चीवर बसायला. गेल्या आठवड्यात पंपाचं काम संपलं. मी इंजिन गरम असतानाच ऑइल बदललं, टाकी उपसली, कॉक बंद करून उरलेल्यावर चालवलं. इंजिन गचके खाऊन थांबलं. वाटीचा स्क्रू सोडला, शेवटचे थेंब डब्यात पडले. फिल्टर धुऊन वाळत घातला. पाती झाडली. प्लग काढला, भोकातून छोटा चमचाभर स्वच्छ ऑइल सोडलं, भोकावर फडकं धरून दोरी तीन-चारदा हळू ओढली म्हणजे ते सिलिंडरच्या भिंतीला सगळीकडे लागतं. प्लग बोटांनी बसवला.

"आता?" बाबांनी खुर्चीवरून विचारलं. त्यांना माहीत होतं, पण दर वर्षी ते विचारतात.

मी दोरी धरली आणि अगदी सावकाश ओढत आणली. पहिले काही इंच ती मोकळी येते. मग एका जागी हाताला विरोध लागतो. तिथे पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर चढत असतो आणि दोन्ही वॉल्व्ह बंद असतात. सिलिंडरची दोन्ही दारं मिटलेली, बाहेरची ओल आत शिरायला वाट नाही. तो विरोध हाताला लागला तशी मी थांबले, दोरी हळूच परत जाऊ दिली. ताडपत्री घातली. खिळ्याला टांगलेली वही काढून लिहिलं: ११८ तास. ऑइल बदललं. पेट्रोल काढलं. पिस्टन दाबावर.

बाबांनी वही मागून घेतली, चष्मा लावून ओळ वाचली आणि खाली तारीख घातली. ती मी विसरले होते.